अंकलीच्या पात्रात तराफा आणि टग: कामाच्या नोंदी

४ नोव्हेंबर. जागा आणि पाणी

काम कृष्णेच्या पात्रात, अंकली–मांजरी पुलाच्या खालच्या अंगाला. उपसा योजनेच्या जॅकवेलसमोरची (नदीतले पाणी उपसायच्या विहिरीसमोरची) चर पावसाळ्यात नदीकाठच्या मळीच्या गाळाने भरली आहे. चर २० मीटर लांब, ३ मीटर रुंद, गाळ सरासरी १.२ मीटर. म्हणजे ७२ घनमीटर. काठावरून पोकलेनचा हात तिथवर पोहोचत नाही आणि मऊ थडीवर पोकलेन उभे करणेही धोक्याचे. म्हणून चिखल पंप तराफ्यावर बसवून पाण्यातूनच उपसा करायचा आणि तराफा हलवायला छोटी टग (ढकलणारी-ओढणारी बोट) वापरायची असे ठरले.

पाण्याची ओढ मोजायला नारळ वापरला. काठावर १० मीटर अंतराने दोन काठ्या रोवायच्या, वरच्या काठीच्या जरा आधी नारळ सोडायचा आणि वेळ घ्यायची. पृष्ठभागाच्या वेगाला ०.८५ ने गुणले की खोलीतला सरासरी वेग मिळतो. जॅकवेलसमोर सेकंदाला ०.४ मीटर, वळणाच्या बाहेरच्या अंगाला ०.८ मीटर. थर्माकोलचा तुकडा वापरू नये, त्याला वारा लागतो. नारळ जवळजवळ पूर्ण पाण्यात बुडून चालतो.

वर कल्लोळ–येडूर बंधारा आहे. तिथले बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले किंवा काढले की इथली ओढ बदलते, त्यामुळे रोज काम सुरू करण्याआधी नारळ सोडायचाच.

७ नोव्हेंबर. हिशोब

तराफा दोन पेट्यांचा. प्रत्येक पेटी ६ मीटर लांब, १.५ मीटर रुंद, ०.९ मीटर उंच, पत्रा ५ मिलिमीटर. रुंदी १.५ मीटर ठेवली कारण पेट्या ट्रेलरवर रस्त्याने आणायच्या आहेत. ५ मिलिमीटर पत्र्याचे वजन चौरस मीटरला ३९.२५ किलो. आतले आडवे पडदे आणि ५० × ५० × ६ चे अँगल धरून एक पेटी दीड टनाला जाते.

दोन पेट्या शेजारी जोडल्या की क्षेत्रफळ १८ चौरस मीटर. त्यामुळे दर १८० किलोला तराफा एक सेंटिमीटर बुडतो. हा आकडा आतल्या कडेवर रंगानेच लिहून ठेवायचा. रोजचे वजन वेगळे मोजावे लागत नाही, कडेवरच्या खुणा बघितल्या की कळते.

वरचा भार: जनरेटर ७००, पंप २००, तिकाटणे (तीन पायांची घोडी) आणि चेनब्लॉक (साखळीची कप्पी) १५०, दोन खुंट (तळात रोवायचे पाइप) १२०, डिझेल १००, जोडचॅनेल १००, माणसे २१०, किरकोळ २०. एकूण १,६०० किलो. पेट्यांसकट ४.६ टन. बुडी जवळपास २६ सेंटिमीटर, पाण्यावर ६४ सेंटिमीटर शिल्लक.

"काम लहान आहे, एकाच पेटीवर भागवू" अशी सूचना आली होती. ती का नाकारली ते लिहून ठेवतो. एका पेटीवर जनरेटर आणि माणसे धरून १.२ टन ठेवले तर बुडी ३० सेंटिमीटर. गुरुत्वमध्य तळापासून ०.८९ मीटरवर येतो. पाण्याचा उचल-मध्य ०.१५ मीटरवर. रुंदीचा वर्ग भागिले बुडीची बारापट, म्हणजे २.२५ ÷ ३.६ = ०.६२. उचल-मध्य आणि हे मिळून ०.७७, गुरुत्वमध्य त्याहून वर. म्हणजे पेटी तरंगेल, पण सरळ राहणार नाही, कलंडेल. बुडण्याइतके वजन नसले तरी उलटण्याइतकी उंची आहे. दोन पेट्या जोडल्या की रुंदी ३ मीटर होते आणि तेच गणित सव्वादोन मीटरने आपल्या बाजूने येते. रुंदी दुप्पट केली की स्थैर्याचा हा भाग चौपट होतो. लोखंड वाचवण्याच्या नादात इथे कंजुषी करणाऱ्याला आम्ही मदत करणार नाही.

१८ नोव्हेंबर. उद्यमबाग, बेळगाव

पेट्यांचे वेल्डिंग पूर्ण. प्रत्येक पेटीत दोन पडदे, म्हणजे तीन कप्पे. एका कप्प्यात पाणी शिरले तर तो कोपरा खाली जातो, तराफा जात नाही. प्रत्येक कप्प्याला बोल्टचे झाकण, खाली रबरी गॅस्केट.

गळती बघायला कप्प्यात हवा भरून साबणाचे पाणी लावले. दाब एक मीटर पाण्याइतकाच, म्हणजे ०.१ बार. कमी वाटतो, पण सपाट पत्र्यावर तो चौरस मीटरला एक टन भार टाकतो. ६ × १.५ च्या झाकणपत्र्यावर एकूण नऊ टन. कंप्रेसर सरळ जोडून गेज बघत बसला तर पत्रा फुगतो आणि कोपऱ्याचे वेल्ड उघडते. म्हणून झाकणाला पारदर्शक नळी लावली, ती यू आकारात पाण्याने भरली, आणि कंप्रेसरचा व्हॉल्व्ह चिमटीएवढाच उघडला. दाब वाढला तर नळीतले पाणीच बाहेर उडते, तोच इशारा.

बुडबुडे दोन ठिकाणी: दोन्ही पडदे आणि तळ जिथे मिळतात त्या कोपऱ्यात. तिथे वेल्डरची टॉर्च नीट शिरत नाही. पडद्याचा कोपरा आधीच २५ मिलिमीटर कापून, वेल्ड अखंड नेऊन मग तुकड्याने बुजवला तर ही गळती येत नाही. पुढच्या पेटीला असेच.

रंग: वाळूने घासून कोल टार इपॉक्सीचे दोन हात. गंज रोखायला झिंकचे ठोकळे लावू नयेत. ते खाऱ्या पाण्याचे औषध. गोड्या पाण्यात उपयोग हवा असेल तर मॅग्नेशियमचे लागतात.

२६ नोव्हेंबर. मांडवीवरची पाहणी

म्हादई आपल्याच खानापूर तालुक्यात उगम पावते आणि गोव्यात मांडवी होते. खालच्या अंगाला खनिजाच्या बार्ज (सपाट मालवाहू नौका) चालतात. टगची आणि दोरांची हाताळणी शिकायला याहून जवळची नदी नाही. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यातल्या १११ जलमार्गांत घटप्रभा आणि मलप्रभाही आहेत, पण त्यांच्या काठावर उभे राहून टग बघायला मिळणार नाही.

या बार्ज स्वतःच्या इंजिनाने चालतात, केबिन मागे. भरलेल्या बार्जचा डेक पाण्याला जवळजवळ टेकलेला असतो. काठावरून बघायच्या तीन गोष्टी.

एक: बार्ज वळताना नाक नाही, शेपूट बघायचे. वळण्याचा मध्य पुढच्या एकतृतीयांश भागात असतो, म्हणून मागचा भाग बाहेरच्या बाजूला मोठा झाडू मारतो. धक्क्याला आणि शेजारच्या होडीला लागतो तो मागचाच कोपरा.

दोन: काठाला लागणारी बार्ज शक्यतो प्रवाहाच्या किंवा भरती-ओहोटीच्या तोंडावर येते. प्रवाह समोरून असला की पाण्यातला वेग राहतो आणि सुकाणू काम करते, जमिनीच्या हिशोबाने मात्र बार्ज जवळजवळ उभी असते.

तीन: खलाशी दोर बोलार्डवर (दोर बांधायच्या जाड खांबावर) इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवतो, गाठ मारत नाही. आठाचा दोर ओढीखाली सैल सोडता येतो. गाठ ओढीखाली सुटत नाही, कापावी लागते. आणि दोराच्या वेढ्यात कुणीही पाय ठेवत नाही.

मोठ्या जहाजांना ढकलणाऱ्या टग बघायच्या तर मुरगावला जावे लागते.

३ डिसेंबर. पेट्या पाण्यात

१४ टनी हायड्राने पेट्या उतरवल्या. पेटी दीडच टन, त्यामुळे क्रेनची ताकद हा प्रश्नच नव्हता. प्रश्न थडीचा. कोरडी दिसणारी मळीची जमीन वरून एक फूट कडक आणि खाली लोण्यासारखी. हायड्राची पुढची चाके काठापासून किमान थडीच्या उंचीएवढी मागे ठेवली आणि खाली लोखंडी पत्रे टाकले. तरी उजवे चाक चार बोटे रुतले.

पेट्या पाण्यात जोडताना वरचे दोन्ही १५० चे चॅनेल आधी सैल बोल्टने धरायचे, मग दोन्ही पेट्यांवर सारखे वजन टाकून समतल करायचे, मग एम २४ चे बोल्ट कसायचे. रिकाम्या पेट्या लाटेवर वेगवेगळ्या हलतात आणि भोके जुळत नाहीत. पहारीने ओढून जुळवली तर पुढे भार आल्यावर तेच बोल्ट कापले जातात.

रिकामी बुडी मोजली: साडेसोळा सेंटिमीटर. हिशोबाला धरून.

५ डिसेंबर. टगची ओढ

टग म्हणजे साडेपाच मीटरची फायबर बोट, २५ हॉर्सपॉवरचे आउटबोर्ड इंजिन. पुढे दोन उभे लोखंडी गुडघे बसवले आहेत, त्यांवर ट्रकच्या टायरचे तुकडे. तराफ्याला मागून ढकलायचे ते याच गुडघ्यांनी.

इंजिनासोबत आलेला पंखा वेगाच्या बोटीचा, ११ इंच पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंख्याने पुढे सरकायचे अंतर). काठावरच्या बाभळीला क्रेनचा काटा लावून ओढ मोजली: १६५ किलो, आणि इंजिन फेरे घेईना. ९ इंच पिचचा रुंद पात्यांचा पंखा बसवला: २१५ किलो, इंजिन मोकळे फिरते. ढकलकामाला पिच कमीच हवा. जास्त पिचचा पंखा जागच्या जागी पाणी कापत राहतो आणि इंजिन गुदमरते.

काटा वाचायच्या अटी: पाणी दोन मीटरपेक्षा खोल, दोर किमान २० मीटर, आणि पहिला झटका सोडून वीस सेकंदांनी आकडा घ्यायचा. दोर आखूड असला तर पंख्याचे पाणी काठावर आपटून बोटीवर परत येते आणि आकडा कमी दिसतो.

रिव्हर्सला ९५ किलो. निम्म्याहूनही कमी. हे विसरले की अपघात होतो. बोटीसकट साधारण ५.३ टन सेकंदाला एक मीटर वेगाने चालले असताना रिव्हर्स टाकला तर गिअर बदलण्याच्या वेळासकट थांबायला सहा मीटर लागतात. खालच्या दिशेला जाताना प्रवाहाचा वेग त्यात मिळतो.

आता पाण्याचा जोर. भरलेला तराफा नाकाने प्रवाहाला उभा असेल तर सेकंदाला एक मीटर वेगाला सुमारे ४० किलो जोर येतो. आडवा झाला तर सुमारे ९५. वेग दुप्पट झाला की जोर चौपट: नाकाने १६०, आडवा ३८०. आपली ओढ २१५. म्हणजे दोन मीटरच्या प्रवाहात नाक समोर असेपर्यंत टग तराफा धरू शकते, आडवा झाला की नाही. मर्यादा १.२ मीटर ठेवली, कारण त्या वेगाला तराफा आडवा पडला तरी जोर १३५ च्या आसपास राहतो आणि टगकडे थोडी ताकद उरते. नारळाने १.२ च्या वर दाखवले की काम बंद. त्यावर चर्चा नाही.

९ डिसेंबर. दोर कुठे बांधायचा

तीन पद्धती वापरून बघितल्या. हॉर्सपॉवरपेक्षा दोर कुठे बांधला यावर काम जास्त अवलंबून आहे, म्हणून ही नोंद लांब.

मागे ओढत नेणे. सगळ्यांना हीच आधी सुचते आणि अशा कामाला हीच सगळ्यात वाईट. बोट थांबली तरी तराफा थांबत नाही, येऊन बोटीवर चढतो. दोर बोटीच्या मागच्या फळीला बांधला तर बोट वळतच नाही, कारण तिचे शेपूट धरलेले असते. दोर पंख्याच्या पुढे, मागून एकतृतीयांश लांबीवरच्या बोलार्डला बांधावा लागतो. पण तिथे बांधल्यावर दुसरा धोका येतो: तराफा प्रवाहाने बाजूला गेला आणि दोर बोटीला काटकोनात आला की लहान बोट कुशीवर उलटते. त्यामुळे दोर हुकावर एका झटक्यात सुटेल असाच, आणि हाताशी कोयता. लांब मोकळ्या पाण्यातच ही पद्धत.

बाजूला बांधणे. जॅकवेलजवळच्या सगळ्या कामाला हीच. बोट तराफ्याच्या बाजूला, पण मागे सरकवून, बोटीचा पंखा तराफ्याच्या मागच्या कडेपेक्षा एक मीटर बाहेर. पंखा तराफ्याच्या अंगाला आला तर त्याचे पाणी पत्र्यावर आपटते आणि सुकाणू लागत नाही. बोटीचे नाक तराफ्याकडे आठ-दहा अंश वळलेले. दोर तीन. पहिला बोटीच्या नाकापासून मागे तराफ्याच्या बोलार्डला: पुढे जाताना सगळी ओढ याच्यावर येते. दुसरा नाकापासून पुढे तराफ्याला: रिव्हर्सला हा ताणतो. तिसरा बोटीच्या शेपटापासून तराफ्याच्या मागच्या कोपऱ्याला: शेपूट बाहेर फेकू देत नाही. बांधायचा क्रमही हाच. पहिला दोर बांधून इंजिन अगदी हळू पुढे टाकले की तो ताणतो आणि बोट आपोआप तराफ्याला चिकटते. मग बाकीचे दोन सैल न ठेवता कसायचे. एखादाही सैल राहिला तर प्रत्येक गिअरला झटका बसतो आणि बोलार्डचे वेल्ड जाते.

बोट उजवीकडे असेल तर पुढे जाताना तराफ्याचे नाक डावीकडे ओढते आणि रिव्हर्सला उजवीकडे. याचा फायदा घ्यायचा. बोट पाण्याच्या बाजूला, तराफा काठाच्या बाजूला. प्रवाहाच्या तोंडावर दहा-पंधरा अंशांत नाक काठाकडे धरून यायचे आणि रिव्हर्स टाकायचा. नाक बाहेर येते, शेपूट आत जाते, आणि तराफा काठाला समांतर टेकतो. उलट बाजूला बोट बांधून हेच केले तर नाक थडीत घुसते.

मागून ढकलणे. सरळ अंतराला उत्तम. दोन गुडघे तराफ्याच्या मागच्या पत्र्याला टेकवून दोन्ही बाजूंना ट्रकचे ५० मिलिमीटर रॅचेट पट्टे कसले. पट्टे पॉलिस्टरचे असल्याने भिजून ताणत नाहीत. नायलॉनचा दोर भिजला की ताणही वाढतो आणि ताकदही दहा-पंधरा टक्के उतरते, आणि तुटला तर चाबकासारखा परत येतो. पॉलीप्रोपिलीन तरंगतो. ओढायच्या दोराला तो बरा, कारण सैल पडला तरी बोटीखाली जाऊन पंख्यात अडकत नाही. काठाला बांधलेल्या दोराला मात्र वाईट, कारण दुसऱ्याच्या होडीच्या वाटेत तरंगत राहतो.

बघायला जमलेल्यांपैकी जुन्या जाणत्यांनी पुरातल्या काहिलीची आठवण काढली. गुळाची काहील पुरात माणसे पोहोचवते खरी, पण गोल असल्याने तिला नाकच नाही. ती स्वतःभोवती फिरते म्हणून तिला आडवे पडायची भीती नसते. तराफ्याला ती सवलत नाही.

१४ डिसेंबर. खुंट

पंप चालू असताना तराफा दोरांवर सोडता येत नाही, पंपाचे तोंड चरीबाहेर सरकते. म्हणून १०० मिलिमीटरचे, ५ मीटर लांब दोन पाइप तराफ्यावरच्या बाह्यांतून (उभ्या बसवलेल्या रुंद नळ्यांतून) तळात रोवायचे. टोकाला तिरका काप, खाली दोन-तीन फूट गाळात गेले की तराफा हलत नाही.

बाह्या पाइपपेक्षा १५ मिलिमीटर सैल हव्यात. पाच मिलिमीटर ठेवल्या की जरा ओढ आली तरी पाइप अडकतो. दुसरी अडचण काढताना. काळ्या चिकट गाळात पाइप चोखून धरला जातो, चेनब्लॉकने ओढले तर तराफ्याचा कोपरा खाली जातो आणि पाइप तिथेच. पाइपच्या आतून अर्ध्या इंचाच्या नळीने पाणी टोकापर्यंत सोडले की चोखण सुटते. मिनिटभर पाणी, मग ओढ.

टग जोडण्याआधी खुंट वर आहेत का हे दोघांनी वेगवेगळे बघायचे. रोवलेल्या खुंटावर ढकलले तर पाइप वाकतो आणि वाकलेला पाइप बाहीतून ना वर येत ना खाली जात.

१७ ते २१ डिसेंबर. उपसा

पंप ताशी ८० घनमीटर ओढतो. त्यात गाळ एकदशांशच, म्हणजे कागदावर ८ घनमीटर. प्रत्यक्षात जागा बदलणे, जाळी साफ करणे धरून ताशी पाच. ११० मिलिमीटरच्या एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपमधून गाळ काठावरच्या बांध घातलेल्या खड्ड्यात. पाइपला दर तीन मीटरवर ३५ लिटरचा कॅन बांधला. गाळ वाहता असताना दहा लिटरचाही पुरतो, पण पाइप आत तुंबला की मीटरमागे सहा किलोपर्यंत जादा वजन येते आणि लहान कॅनसकट पाइप तळाला बसतो.

बंद करायची रीत: पंप गाळातून अर्धा मीटर वर उचलायचा, दोन मिनिटे स्वच्छ पाणी फिरवायचे, मग स्विच. जनरेटरचे डिझेल संपून पंप अचानक बंद पडला तर साठ मीटर पाइपमधला गाळ खाली बसतो आणि सांधे सोडून धुवावे लागतात. १९ तारखेची दुपार यातच गेली.

तारेच्या जाळीत सगळ्यात जास्त काय अडकते? उसाचे पाचट आणि साडीच्या चिंध्या.

२३ डिसेंबर. जलपर्णी

बंधाऱ्यावरून पाणी सोडल्यावर पंचगंगेकडची जलपर्णी थव्याने खाली आली. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची पिचकारी बारीक झाली की लगेच बंद करायचे. आतमध्ये पाणी घ्यायची जाळी मुळांनी भरलेली असते आणि दोन मिनिटांत इंजिन तापते. रिव्हर्स टाकून पंखा झटकता येतो, जाळी नाही. ती हातानेच साफ करायची, इंजिन बंद करून आणि किल्ली काढून.

जास्त मोठा त्रास तराफ्याला. जलपर्णी वरच्या कडेला साठते, तिची गादी होते आणि पाण्याला अडणारे क्षेत्र दुप्पट-तिप्पट वाढते. पाण्याची ओढ तेवढीच असून दोर ताठ होतात. पुढे ४५ अंशात बांबू बांधून थवा बाजूला काढला.

२९ डिसेंबर. पुढे काय

चर मोकळी, पंपहाउसचे काम सुरू. डावा खुंट किंचित वाकला आहे, बदलायचा. तराफा मार्चपर्यंत पाण्यात राहील. पावसाळ्यात पात्राजवळ ठेवायचा नाही. २०१९ आणि २०२१ चे पूर ज्या घरांपर्यंत आले त्याच्या वरच्या रानात न्यायचा. तेवढी जागा मिळाली नाही तर सहाही झाकणे काढून कप्पे आधीच पाण्याने भरून ठेवायचे, म्हणजे पेट्या जागीच बसतील, तरंगत पुलाच्या खांबाला जाऊन आपटणार नाहीत. इंजिन असलेल्या बोटीची २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली नोंदणी लागते, तो अर्ज जानेवारीत.